सेंद्रिय रसायनशास्त्र पाठ न करता शिकता येतं का?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. फिजिकल आणि इनऑरगॅनिक बरं चाललंय, ऑरगॅनिक मात्र हातातून निसटतंय. बारावीला नेम रिॲक्शन, रिएजंट, कन्व्हर्जन सगळं घोकलं होतं आणि सीईटीला तेवढं पुरलंही. आता पेपरात 'मुख्य उत्पादन कोणतं आणि का' असं विचारतात आणि त्या 'का'पाशी मी अडते.

ताजं उदाहरण देते. ३-मिथाइल-१-ब्यूटीन आणि हायड्रोजन ब्रोमाइड. मार्कोव्हनिकॉव्हच्या नियमानं (दुहेरी बंधातल्या ज्या कार्बनवर हायड्रोजन जास्त, हायड्रोजन तिथेच जातो आणि ब्रोमीन दुसऱ्यावर) मी २-ब्रोमो-३-मिथाइलब्यूटेन लिहिलं. उत्तरात २-ब्रोमो-२-मिथाइलब्यूटेन आहे. ब्रोमीन ज्या कार्बनवर बसला, तिथे दुहेरी बंध नव्हताच! नियम पाठ असून उत्तर चुकत असेल तर करायचं काय?

सर फळ्यावर बाण काढतात, मी ते वहीत जसेच्या तसे उतरवते. स्वतः काढायला बसलं की बाण कुठून निघून कुठे जायचा तेच कळत नाही. पाठ न करता हा विषय शिकता येतो का? येत असेल तर सुरुवात कुठून करू? इथे तालुक्याला ऑरगॅनिकची शिकवणी नाही.

सोनचाफा_७
वाचतेय. मी एम.एस्सी. ऑरगॅनिक केलंय. रात्री सविस्तर लिहिते.

जुनाडोंगर
रानजाई, तुझ्या अडचणीचं मूळ तूच शेवटच्या परिच्छेदात लिहिलं आहेस. बाण उतरवून घेण्याची गोष्ट नाही. मी आयुष्यभर हा विषय महाविद्यालयात शिकवला आणि माझं ठाम मत आहे की ज्याला बाण काढता येतो त्याला निम्मं ऑरगॅनिक आलं.

वाकडा बाण म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोडीचा प्रवास. रॉबर्ट रॉबिन्सन आणि कर्मॅक यांनी १९२२ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हापासून जगभर तीच चालते. बाणाची शेपटी नेहमी इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून निघते, म्हणजे एकाकी (बंधात न गुंतलेल्या) जोडीवरून किंवा बंधावरून. टोक जातं ते इलेक्ट्रॉन कमी असलेल्या अणूकडे. धन प्रभारापासून निघणारा बाण कधीच बरोबर नसतो. मुलं हायड्रोजन आयनापासून बाण काढून दुहेरी बंधावर नेतात. प्रोटॉन चालत येतो अशी त्यांची कल्पना असते, पण हलतात ते इलेक्ट्रॉन. दुहेरी बंधाची जोडी जाऊन प्रोटॉनला धरते.

कुठलीही अभिक्रिया समोर आली की आधी विचार: इलेक्ट्रॉन जास्त कुणाकडे? कमी कुणाकडे? जोडी सरकली तर कुठला बंध तुटेल आणि प्रभार कुठे येऊन बसेल? आणि प्रभार तिथे सुखानं राहील का, हे तर विचारायलाच हवं. तुझ्या उदाहरणात हेच राहून गेलं. दुहेरी बंधानं प्रोटॉन घेतल्यावर कार्बोकॅटायन, म्हणजे धन प्रभाराचा कार्बन, कुठे तयार होतो ते काढ. प्राथमिक, द्वितीयक की तृतीयक, म्हणजे त्याला आणखी किती कार्बन जोडलेले, एक, दोन की तीन? मग त्याच्या शेजारच्या कार्बनकडे बघ. उत्तर मी सांगत नाही, काढून इथे लिही.

तारापूरकर
सर, मतभेद नोंदवतो. पाठांतराला बदनाम करू नका. मी औषधांचे इंटरमीडिएट बनवणाऱ्या कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटला आहे. नवीन मुलं येतात, बाण सुंदर काढतात, पण 'हा एस्टर तसाच ठेवून फक्त कीटोन रिड्यूस करायचाय, काय वापरशील' असं विचारलं की गप्प. सोडियम बोरोहायड्राइड आल्डिहाइड-कीटोन रिड्यूस करतं आणि साध्या परिस्थितीत एस्टरला फारसा हात लावत नाही. लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड दोन्ही रिड्यूस करतं. हे मुलाखतीत किंवा प्लांटवर उभं राहून पहिल्या तत्त्वांपासून काढत बसणार का? पाढे न येता गणित करण्यातला प्रकार झाला तो.

रानजाई, रिएजंटची वही कर. एका बाजूला रिएजंट. दुसऱ्या बाजूला तो काय करतो, काय करत नाही आणि त्याला पाणी चालतं का. 'काय करत नाही' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि तोच कुणी लिहीत नाही.

जुनाडोंगर
तारापूरकर, 'काय करत नाही' हा रकाना मला फार आवडला. माझ्या विद्यार्थ्यांना करायला लावला असता. पण तुमच्याच उदाहरणात समजून घेण्याजोगं किती आहे बघा. ॲल्युमिनियम-हायड्रोजन बंध बोरॉन-हायड्रोजनपेक्षा जास्त ध्रुवीय, म्हणून तिथला हायड्राइड (इलेक्ट्रॉनच्या जोडीसकट जाणारा हायड्रोजन) जास्त आक्रमक. शिवाय लिथियम कार्बोनिलच्या ऑक्सिजनला धरून त्या कार्बनला आणखी भुकेला करतो. एस्टरचा कार्बोनिल मुळात कीटोनपेक्षा मवाळ, कारण शेजारच्या ऑक्सिजनची जोडी त्याच्याकडे झुकलेली. हे एकदा कळलं की रकाना आपोआप भरतो आणि विसरत नाही. पाठांतर कराच, पण कारण कळल्यावर करा.

मीठभाकर
माझी मुलगी यंदा बारावीला आहे, नीट देणार आहे. तिलाही बाण शिकवावेत का? क्लासवाले म्हणतात की मेकॅनिझमवर वेळ घालवू नका.

सोनचाफा_७
@मीठभाकर ताई, नक्की शिकू द्या. एसएन१, एसएन२ (एक गट जाऊन दुसरा येण्याचे दोन मार्ग), कार्बोनिलवर न्यूक्लिओफाइलचा (इलेक्ट्रॉन देणाऱ्याचा) हल्ला आणि बेंझीनवर इलेक्ट्रोफाइलचा (इलेक्ट्रॉन घेणाऱ्याचा), एवढे चार नीट आले तर बारावीच्या पुस्तकातल्या बऱ्याचशा रिॲक्शन त्यांत बसतात. वेळ वाचतोच.

आता रानजाईसाठी. सर आणि तारापूरकर दोघांचंही पटलं, पण दोघांच्याही आधीची पायरी मला पीकेएची वाटते. पीकेए म्हणजे आम्लाच्या ताकदीचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र. हे आकडे मात्र खरंच पाठ कर: कार्बोक्झिलिक आम्ल ४ ते ५, कार्बोनिक आम्ल ६.४, फिनॉल १०, पाणी आणि अल्कोहोल १६ च्या आसपास, ॲसिटिलीन २५, अमोनिया ३५ च्या वर, साधे अल्केन ५० च्या आसपास. एवढ्यावर किती प्रश्न सुटतात ते तुझ्या प्रॅक्टिकलमध्येच बघ.

बायनरी मिक्श्चर वेगळं करताना सोडियम बायकार्बोनेट घालायला सांगतात ना? समज, बेंझोइक आम्ल आणि बीटा-नॅफ्थॉल एकत्र आहेत. बेंझोइक आम्लाचा पीकेए ४.२. ते कार्बोनिक आम्लापेक्षा तीव्र, म्हणून बायकार्बोनेट त्याचा प्रोटॉन काढून घेतं, कार्बन डायऑक्साइड फसफसून निघतो आणि सोडियम बेंझोएट पाण्यात विरघळतं. नॅफ्थॉलचा पीकेए ९.५ च्या आसपास. बायकार्बोनेटची ताकद तिथे पुरत नाही, ते तळाशी तसंच राहतं. गाळून घे, गाळलेल्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घाल, बेंझोइक आम्ल पांढरं होऊन परत खाली बसतं. सुकव, मेल्टिंग पॉइंट घे, १२२ अंश. आपण याला 'प्रोसीजर' म्हणून घोकतो, पण यात दोन आकड्यांची तुलना सोडून काहीच नाही.

काजळमाया
हळदीचा डाग साबण लागल्यावर लाल का होतो, ते यातच आलं का?

सोनचाफा_७
हो! कर्क्युमिनमध्ये फिनॉलचे दोन गट आहेत आणि मध्ये ईनॉल. साबणाच्या अल्कलीत प्रोटॉन निघाला की इलेक्ट्रॉन लांबलचक संयुग्मित (एकाआड एक दुहेरी बंधांच्या) साखळीभर पसरतात, रेणू वेगळा प्रकाश शोषतो आणि पिवळ्याचा लाल होतो. लिंबू लावलं की परत पिवळा. हळदीत चुना मिसळला की लाल होते, तेही यामुळेच.

काजळमाया
वा! सासूबाईंना दाखवते.

दहावाफाळका
सोनचाफाताई, मी टीवायला (तिसऱ्या वर्षाला) आहे. पीकेएवरून आठवलं. अमिनो गट ऑर्थो-पॅरा निर्देशक, म्हणजे नवा गट रिंगवर शेजारच्या (ऑर्थो) किंवा समोरच्या (पॅरा) जागी पाठवणारा, मधल्या (मेटा) नाही, तरी ॲनिलीनचं थेट नायट्रेशन केलं की निम्म्याच्या जवळपास मेटा मिळतं. पुस्तकात ४७ टक्के दिलंय. असं का, ते तोंडी परीक्षेत विचारलं होतं.

सोनचाफा_७
नायट्रेशनच्या फ्लास्कमध्ये काय असतं? तीव्र नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्ल. ॲनिलीन बेस आहे. रिंगवर काही घडायच्या आधी बहुतेक ॲनिलीन प्रोटॉन घेऊन ॲनिलिनियम होतं. आता नायट्रोजनकडे द्यायला जोडी उरली नाही, उलट त्याच्यावर धन प्रभार आलाय. तो रिंगमधून इलेक्ट्रॉन ओढतो आणि मेटाकडे पाठवतो. म्हणून आधी ॲसिटिक ॲनहायड्राइडनं ॲसिटॅनिलाइड करून घ्यायचं, मग नायट्रेशन, मग हायड्रोलिसिस. ॲसिटॅनिलाइडचं प्रॅक्टिकल सगळ्यांनी केलेलं असतं, पण हा धागा जुळवून कुणी सांगत नाही.

तारापूरकर
मस्त प्रतिसाद. मुलाखतीत मी हा प्रश्न नेहमी विचारतो.

कोकणकडा
प्रॅक्टिकलचा विषय निघालाच आहे तर एक. आमच्या प्रयोगशाळेत ग्रिन्यार (ईथरमध्ये मॅग्नेशियमपासून बनवायचा रिएजंट) जुलैमध्ये लावायचे. कोकणातला पाऊस, खिडक्यांना ओल, काचेवर हात फिरवला तरी दमट. मॅग्नेशियम तसंच पडून राहायचं आणि सगळे म्हणायचे मॅग्नेशियम खराब आहे. पुढे एका मॅडमनी फ्लास्क ओव्हनमध्ये तापवून घ्यायला लावला, तोंडाशी कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब, सोडियमवर वाळवलेलं ईथर आणि आयोडीनचा एक स्फटिक. पाच मिनिटांत ईथर आपोआप उकळायला लागलं. ग्रिन्यार पाण्याला भेटला की सरळ अल्केन होऊन मोकळा होतो, हे वाक्य आम्हाला पाठ होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

संत्राबर्फी
आमच्या नागपूरला उलट. मे महिन्यात हवा कोरडी, पण डायइथाइल ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं आणि बाहेर ४५! बाटली बर्फात ठेवून उघडायची, आणि आसपास बर्नर पेटलेला दिसला तर आमचे लॅब असिस्टंट काका कुणाचंही ऐकायचे नाहीत. ईथरची वाफ हवेपेक्षा जड, टेबलावरून सरपटत लांबच्या ज्योतीपर्यंत पोचते. ज्यांच्या प्रयोगशाळेत एक्झॉस्ट धड चालत नाही, त्यांनी हे मनावर घ्या.

हिरवीवेलची
अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. मला हा विषय आवडायला लागला तो स्टिरिओकेमिस्ट्रीमुळे, म्हणजे अणूंच्या त्रिमितीतल्या मांडणीमुळे. कार्व्होन नावाचा रेणू आहे. त्याची आर आणि एस अशी दोन रूपं, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. आर-कार्व्होनला आपल्या पुदिन्याचा वास. एस-कार्व्होन बाळंतशेपाच्या तेलात असतं, वास पूर्ण वेगळा. अणू तेच, बंध तेच, फक्त एका कार्बनभोवतीची मांडणी उलटी, आणि नाकाला फरक कळतो, कारण नाकातले ग्राहीही एकाच बाजूचे असतात.

पाश्चरनं १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक भिंगाखाली बघून चिमट्यानं वेगळे केले होते. रेणू कसा दिसतो याची कुणाला कल्पना नसताना! मला अजूनही ते वाचताना रोमांच येतात.

रानजाई, आर-एस ठरवताना कागदावर डोकं चालत नसेल तर चिकणमातीचे गोळे आणि टूथपिक घे. चार रंग. दोन मॉडेलं करून एकावर एक बसवायचा प्रयत्न कर. विकतचा संच लागत नाही.

तारापूरकर
शेपूची भाजी ताटात वाढली की आमच्या घरी वादावादी होते. आता निदान बाळंतशेपाचं रसायनशास्त्र सांगून वेळ मारून नेता येईल.

मीठभाकर
शेपू ज्यांना आवडत नाही त्यांनी मुगाची डाळ घालून लसणाच्या फोडणीवर करून बघावी.

पल्याडचा
धागा भाजीकडे वळायच्या आत लिहितो. मी अमेरिकेत पीएच.डी. करतोय आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे ऑरगॅनिकचे सराव-वर्ग घेतो. इथे डॉक्टर व्हायचं असलं तरी आधी पदवीला हा विषय घ्यावा लागतो, त्यामुळे वर्ग भरलेले आणि मुलं धास्तावलेली. अडचण अगदी रानजाईसारखीच: बाण ओळखता येतात, काढता येत नाहीत.

यात एक गोष्ट कळीची वाटते. सोडवलेलं उत्तर वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि 'आलं' असं वाटतं. हा भास फार घातक आहे. म्हणून मी मुलांना उत्तर वाचल्यावर पुस्तक मिटायला लावतो. कोरा कागद घ्यायचा आणि सुरुवातीच्या रेणूपासून सगळं पुन्हा काढायचं: एकाकी जोड्या, प्रभार, बाण, मधले टप्पे. अडलात तर पुस्तक उघडून फक्त तेवढी पायरी बघायची आणि परत मिटायचं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. मोबाइलवर व्हिडिओ बघून हे होत नाही, हात चालावा लागतो. जे हे नेमानं करतात त्यांच्यात महिन्याभरात पडणारा फरक मी प्रत्येक सत्रात बघतो.

आणि रानजाई, लुईस संरचना (सगळे बंध आणि एकाकी जोड्या दाखवणारी आकृती) पूर्ण काढ. ऑक्सिजनवरच्या दोन जोड्या कंटाळून गाळल्या की बाण निघायचा तोच कुठून?

जुनाडोंगर
पल्याडचा, शब्दाशब्दाला अनुमोदन. जोड्या गाळू नका हे मी फळ्यावर लिहून ठेवायचो.

गोदातीर
वाखूसा (वाचनखूण साठवली). भाचीला पाठवते.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पुस्तक मिटून काढलं. तपासाल का?

दुहेरी बंध पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये. बाण दुहेरी बंधापासून प्रोटॉनकडे, दुसरा बाण हायड्रोजन-ब्रोमीन बंधापासून ब्रोमीनकडे. हायड्रोजन पहिल्या कार्बनला लागला, म्हणून धन प्रभार दुसऱ्यावर. तो द्वितीयक. इथे ब्रोमाइड आला तर माझं जुनं उत्तर मिळतं. पण शेजारी तिसरा कार्बन आहे. त्याला एक मिथाइल जादा आणि एक हायड्रोजन. तो हायड्रोजन आपल्या बंधाच्या जोडीसकट दुसऱ्या कार्बनवर सरकला तर प्रभार तिसऱ्यावर जातो आणि तिसरा तृतीयक आहे. म्हणजे जास्त स्थिर. मग ब्रोमाइड तिथे बसतो. २-ब्रोमो-२-मिथाइलब्यूटेन.

म्हणजे नियम खोटा नव्हता. नियम ज्या कारणामुळे आहे, तेच कारण इथे एक पाऊल पुढे गेलं. बरोबर?

जुनाडोंगर
शंभर टक्के बरोबर, आणि शेवटचं वाक्य तर मी जन्मभर सांगत आलो तेच. याला हायड्राइड शिफ्ट म्हणतात. एक भर: प्रत्यक्षात दोन्ही पदार्थ मिळतात, कारण सरकणं आणि ब्रोमाइडचं येणं यांत शर्यत असते. हायड्रोजन क्लोराइड घेतलं तर दोन क्लोराइडं जवळपास निम्मीनिम्मी येतात.

आता पेरॉक्साइड घालून हेच कर. काय मिळेल, आणि तिथे हायड्राइड सरकेल का?

रानजाई
खराशचा परिणाम? ब्रोमीन पहिल्या कार्बनवर, १-ब्रोमो-३-मिथाइलब्यूटेन. तिथे कार्बोकॅटायन नाही, मुक्तमूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला कण) आहे. आधी ब्रोमीन जोडला जातो, हायड्रोजन नंतर. सरकत नाही असं वाटतं.

जुनाडोंगर
बरोबर. खराशनं हे १९३३ मध्ये दाखवलं. त्याआधी तीच अभिक्रिया एका प्रयोगशाळेत एक उत्तर द्यायची, दुसरीत दुसरं, आणि लोक वर्षानुवर्षं भांडत होते. हवेत राहिलेल्या अल्कीनमध्ये नकळत पेरॉक्साइड तयार झालेलं असायचं.

तारापूरकर
आता माझा प्रश्न, रिएजंटच्या वहीतून. याच ३-मिथाइल-१-ब्यूटीनपासून तीन वेगवेगळे अल्कोहोल बनवून दाखव. कार्बनचा सांगाडा तोच राहिला पाहिजे.

रानजाई
आम्ल आणि पाणी: कार्बोकॅटायन होणार, हायड्राइड सरकणार, २-मिथाइल-२-ब्यूटेनॉल.
हायड्रोबोरेशन-ऑक्सिडेशन: हायड्रॉक्सिल पहिल्या कार्बनवर, ३-मिथाइल-१-ब्यूटेनॉल.
तिसरा म्हणजे ३-मिथाइल-२-ब्यूटेनॉल असणार. पण तिथे मार्कोव्हनिकॉव्ह हवा आणि सरकणं नको. कार्बोकॅटायन मोकळा होऊच द्यायचा नाही असं काहीतरी लागेल. रिएजंट आठवत नाही.

तारापूरकर
काय हवंय ते तू बरोबर ओळखलंस, नाव फक्त आठवलं नाही, म्हणून वही लागते. मर्क्युरिक ॲसिटेट आणि पाणी, नंतर सोडियम बोरोहायड्राइड. पारा दोन्ही कार्बनना धरून ठेवतो, त्यामुळे पूर्ण मोकळा कार्बोकॅटायन होत नाही आणि हायड्राइडला सरकायला संधी मिळत नाही. पाणी जास्त धन असलेल्या, म्हणजे दुसऱ्या कार्बनवर येतं. परीक्षेत हे लिही. प्लांटवर मात्र आम्ही पाऱ्याच्या वाटेला जात नाही. सांडपाण्यात पारा गेला की तो पुढे माशांपर्यंत पोचतो. तारापूरची खाडी जवळून बघितलेला माणूस असा रिएजंट सुचवताना दहादा विचार करतो.

हिरवीवेलची
तुझा दुसरा अल्कोहोल, ३-मिथाइल-१-ब्यूटेनॉल, ॲसिटिक आम्ल आणि थोडं तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तापवलास तर आयसोअमाइल ॲसिटेट मिळतं. पिकलेल्या केळ्याचा वास! आइसक्रीममधला केळ्याचा इसेन्स बहुतेक तोच.

रानजाई
हे आमच्या प्रॅक्टिकलच्या यादीत आहे! पुढच्या आठवड्यात बॅच लागेल.

जुनाडोंगर
मग त्याआधी याच अभिक्रियेचा, म्हणजे फिशर एस्टरिफिकेशनचा, मेकॅनिझम कोऱ्या कागदावर काढ आणि इथे टाक. पहिला प्रोटॉन आम्लाच्या कुठल्या ऑक्सिजनवर जातो, कार्बोनिलच्या की हायड्रॉक्सिलच्या, तिथपासून सुरुवात कर आणि कारण लिही. दहावाफाळका, तूही काढ.

दहावाफाळका
काढतो सर. एकाकी जोड्या सगळ्या दाखवून.